आधी पाठ दाखवा!

दुकानदार जुन्या कपाटाचं तोंड दाखवतो. आपण पाठ मागायची.

तोंडावर पॉलिश असतं, पितळेच्या कड्या असतात, आरसा असतो, आणि हे सगळं कालपरवा बसवलेलंही असू शकतं. पाठ मात्र कुणी नटवत नाही. तिथे मूळ फळ्या, मूळ खिळे, सुतारानं ओढलेल्या रेघा आणि कितीतरी पावसाळ्यांचे डाग जसेच्या तसे सापडतात. पाठ, तळ, खणाची खालची बाजू आणि दाराची आतली बाजू. या चार जागा नीट बघितल्या की कपाट आपली जन्मपत्रिका स्वतःच वाचून दाखवतं.

मला हे उशिरा कळलं. एकदा कोरीव झाकणाच्या मोहात पडून मी एक पेटी घेतली, घरी आणून उलटी केली, तर तळ चक्क प्लायवुडचा! त्या दिवशी रडवेली झाले होते. तेव्हापासून मुंबईच्या चोरबाजारातली मटण स्ट्रीट असो, जोगेश्वरीला ओशिवऱ्याची जुन्या फर्निचरची दुकानं असोत की पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, मी वाकून, गुडघ्यांवर बसून, मोबाइलचा दिवा लावून बघते. या वाकण्यातून हाती लागलेल्या गमती आज तुमच्यापुढे ठेवतेय. पेटी, कपाट, फडताळ, मांडणी असं काही जुनं घ्यायचं मनात असेल तर कामाला येतील.

कपाट म्हणजे मुळात दार

संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी. बद्रीनाथचे ‘कपाट’ उघडल्याची बातमी हिंदीत येते ती देवळाच्या दाराची असते. आपलं ‘कवाड’ही त्याच घरातलं. मराठीनं दाराचं नाव दारामागच्या जागेला देऊन टाकलं, आणि ते शोभतंही. वाड्यात कपाट बहुधा भिंतीतच असायचं. हातभर जाड भिंतीत पोकळी ठेवायची, आत फळ्या टाकायच्या, पुढे चौकट आणि दोन झडपा. झालं फडताळ! झडपा नसल्या की कोनाडा.

वाडा पडतो तेव्हा भिंत राडारोड्यात जाते आणि फडताळाची चौकट झडपांसकट बाजारात येते. अशी चौकट दिसली तर सोडू नका. तिला पाठ नसतेच, त्यामुळे फसवणुकीलाही जागा कमी. मागे सागवानी फळ्यांची साधी पेटी करून घेतली की खोली आपल्याला हवी तेवढी ठेवता येते. फ्लॅटच्या फूटभर जागेतही ती बसते.

विदर्भ-मराठवाड्यात म्हणतात ती ‘अलमारी’ मात्र समुद्रावरून आली. पोर्तुगीज ‘आर्मारियु’, त्यामागे लॅटिन ‘आर्मारियम’, म्हणजे हत्यारं-अवजारं ठेवायची जागा. ‘चावी’सुद्धा पोर्तुगीजच, ‘शाव’वरून. अलमारी आणि तिची चावी दोघीही एकाच गलबतातून उतराव्यात, हे मला फार आवडतं.

आणि ‘टिपॉय’? त्याचा चहाशी काडीचा संबंध नाही. तीन पायांची ती तिपाई, आपल्या ‘तिवई’ची सख्खी बहीण. इंग्रजांनी शब्द उचलला, त्यात त्यांना ‘टी’ ऐकू आला, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये एका खांबावर उभी, कुलूप लावता येणारी चहापत्तीची पेटी ‘टीपॉय’ या नावानं दिवाणखान्यात मिरवू लागली. शब्द चुकीचा ऐकला आणि त्यातून साठवणीचं एक नवंच फर्निचर जन्माला आलं!

आपल्याकडे एकेक शब्द तरी किती कामं करतो. ‘खण’ म्हणजे ड्रॉवर, खण म्हणजे चोळीचं कापड आणि खण म्हणजे वाड्यातल्या दोन तुळयांमधली जागा. ‘पेटी’ कपड्यांची, आंब्यांची आणि भजनात वाजवायचीही.

ओंडके, राजा आणि रत्नागिरी

जुन्या लाकडाच्या बाजारात ‘बर्मा टीक’ हे दोन शब्द आले की दुकानदाराचा आवाज खाली येतो आणि किंमत वर जाते. त्या दोन शब्दांमागे एक आख्खं राज्य बुडालं आहे.

सागाचा ओला ओंडका इतका जड असतो की पाण्यात तरंगत नाही. मग शेकडो मैल लांबच्या बंदरात तो न्यायचा कसा? ब्रह्मदेशाच्या जंगलात तोडीच्या आधी बुंध्याभोवती गोल खाच घेत. झाड उभ्या उभ्या मरायचं आणि दोन-तीन वर्षं तसंच वाळत राहायचं. हलकं झालं की तोडायचं. हत्ती ओंडके ओढत ओढ्यात आणून टाकायचे, पावसाळ्यातलं पाणी ते नदीला लावायचं, आणि तिथून तराफे बांधून रंगूनपर्यंत प्रवास. घरातल्या कपाटाची एक फळी तयार व्हायला अशी कित्येक वर्षं गेलेली असतात.

या व्यापारातलं मोठं नाव होतं बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. स्थापना १८६३, मुंबईत. १८८५ साली राजा थिबाच्या दरबारानं या कंपनीवर आरोप ठेवला की नेलेले ओंडके कमी दाखवलेत, आणि भला मोठा दंड ठोठावला. ब्रिटिशांना निमित्तच हवं होतं. नोव्हेंबर १८८५ मध्ये त्यांनी चढाई केली, मंडाले पडलं, राजा कैद झाला. आणि त्याला ठेवलं कुठे? आपल्या रत्नागिरीत! १८८६ पासून १९१६ मध्ये देह ठेवीपर्यंत थिबा तिथेच राहिला. त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधलेला थिबा राजवाडा आजही रत्नागिरीत आहे.

गंमत, खरं तर चटका, इथेच संपत नाही. मंडालेचा राजा रत्नागिरीत दिवस काढत होता, त्याच काळात रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, १९०८ ते १९१४. ‘गीतारहस्य’ लिहिलं गेलं ते तिथेच.

‘बर्मा टीक’ ऐकलं की मला हे सगळं आठवतं. पण म्हणून त्या दोन शब्दांसाठी दुप्पट पैसे मोजू नका. जुनं, पक्कं, सरळ रेषांचं लाकूड असेल तर आपला सागही तितकाच तोलामोलाचा असतो. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली साग गेला तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला. आणि मलबारचा साग काय करू शकतो ते बघायचं तर इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात जावं लागेल. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि अजून तरंगते आहे. दोनशे वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड आपल्या साड्या सहज सांभाळेल.

आजची आणखी एक गंमत: ती बॉम्बे बर्मा कंपनी आता वाडिया समूहातच आहे.

उचलून बघा, हुंगून बघा

खण पूर्ण बाहेर काढून हातात घ्या. साग मध्यम वजनाचा, हाताला किंचित तेलकट, वासाला कमावलेल्या चामड्यासारखा. त्याच्यात मुरलेलं तेल त्याला पाण्यापासून आणि किडीपासून राखतं. शिवाय त्यात वाळूतली सिलिकाही असते, म्हणून सुताराच्या करवतीची धार सागावर लवकर मरते. पण हे गुण गाभ्याचे. सालीजवळचा पांढरट भाग, तोही सागाचाच, वाळवी आणि भुंग्याला चविष्ट लागतो. गडद पॉलिशखाली हा पांढरा भाग लपवणं अगदी सोपं. पाठीला पॉलिश नसतं, तिथे दोन रंगांचे पट्टे लगेच दिसतात.

शिसवी उचललीत की मनगटच सांगेल. घनमीटरला साग साधारण ६५० किलो भरतो, तर शिसवी ८०० च्या पुढे. रंग जांभळट तपकिरी, जुनी झाली की जवळजवळ काळी. एकोणिसाव्या शतकात मुंबईत या लाकडावर इतकं दाट कोरीवकाम व्हायचं की ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ असं त्याचं नावच पडलं. इथे एक घोटाळा ध्यानात ठेवा. आपली शिसवी वेगळी आणि उत्तरेकडचा ‘शीशम’, म्हणजे शिसू, वेगळा. शिसू फिकट आणि स्वस्त. दुकानात दोघांनाही सर्रास एकच नाव लावतात.

कोकणातली पेटी बघत असाल तर फणस ओळखायला शिका. ताजा कापला की पिवळाधमक, पुढे वर्षागणिक लालसर तपकिरी. तंबोऱ्याला, वीणेला हेच लाकूड चालतं. आणि त्याच्या गाभ्याच्या पिवळ्या रंगात आग्नेय आशियातले बौद्ध भिक्खू आपली चीवरं रंगवत आले आहेत. फणसाची पेटी कुणी ‘साधी आहे’ म्हणून स्वस्तात देत असेल तर मी दुसरा विचारही करत नाही.

गोल मूठ आता गोल राहिलेली नाही

ही माझी सगळ्यात लाडकी चाचणी. लाकूड वाळतं तेव्हा रेषांच्या आडव्या दिशेनं आकसतं, उभ्या दिशेनं जवळजवळ नाहीच. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी चरकावर अगदी गोल उतरवलेली तिवईची फळी किंवा मोठी मूठ आज किंचित लंबगोल झालेली असते. डोळ्यांना कळत नाही. दोन दिशांनी मोजपट्टी लावा, फरक निघतो. दोन्हीकडे तंतोतंत सारखं माप भरलं तर वय जरा कमी धरा.

मग स्क्रू बघा. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. ‘दोनशे वर्षांची’ पेटी आणि बिजागरीला हे स्क्रू, तर निदान बिजागरी तरी नंतरची. एक स्क्रू काढून बघायला मिळाला तर उत्तमच. हातानं केलेल्या जुन्या स्क्रूचं टोक बोथट असतं. टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रुळले.

खणाचा कोपरा बघा. कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेले असतात, तो डोव्हटेल सांधा. हातानं कापलेले दात कधीच एकसारखे नसतात. एक जाड, एक बारीक, आणि दाताच्या मुळाशी सुतारानं आखलेली बारीक रेघ राहिलेली. सगळे दात मापात, ओळीत, एकसारखे? ते यंत्राचं काम. तळफळीवर कमानीसारखे ओरखडे असतील तर ती गोल पात्याच्या यंत्रावर चिरलेली आहे. हातकरवतीचे ओरखडे सरळ, पण थोडे वेडेवाकडे पडतात.

यंत्राचं काम वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. १९४०-५० सालांतली सागवानी कपाटं यंत्रावर चिरलेल्या फळ्यांची असतात आणि अजून पन्नास वर्षं सहज जातील. फक्त त्यांची किंमत पेशवाईची लावू नये.

आणखी एक प्रकार बाजारात भरपूर असतो: जुन्या लाकडाचं नवं कपाट. पडलेल्या घराच्या तुळया-खांबांतून केलेलं. लाकूड खरंच जुनं, कपाट परवाचं. ओळखायचं कसं? जिथे खिळ्याचं काही कारण नाही अशा जागी बुजवलेली भोकं दिसतात, फळीच्या मधोमध कुठल्या तरी जुन्या सांध्याची रिकामी खाच दिसते. मला ही कपाटं आवडतात, लाकूड चुलीत जाण्यापेक्षा केव्हाही बरं. दुकानदारानं खरं काय ते सांगावं, एवढंच.

पायाखाली पाणी

दुभत्याचं कपाट हे माझ्या लेखी घरगुती साठवणीतलं सगळ्यात हुशार फर्निचर. चारी बाजूंनी बारीक जाळी, म्हणजे वारा आत आणि मांजर बाहेर. दूध, विरजण, लोणी, तूप, उरलेली भाजी, सगळं त्यात. मुंग्या चढू नयेत म्हणून चारी पाय पाणी भरलेल्या वाट्यांमध्ये ठेवायचे.

इंग्रजांच्या बंगल्यांत याच कपाटाला ‘मीट सेफ’ म्हणत. आपल्याकडे त्यात दही लागायचं.

घेताना मात्र आडवं पाडूनच बघा. चाळीस-पन्नास वर्षं पाण्यात उभे राहिलेले पाय खालून मऊ पडलेले असतात. जाड दाभण टोचून बघा. अलगद आत गेलं तर तेवढा भाग कापून नवा पाय जोडावा लागेल. ते अवघड काम नाही, पण भाव करताना धरायला हवं. आणि पायांवर बोटभर उंचीवर काळसर वळं दिसलं तर खुशाल आनंदित व्हा. ती वाटीतल्या पाण्याची रेघ, कपाट खरोखर स्वयंपाकघरात नांदल्याचा शिक्का.

आज त्यात काय ठेवायचं? कांदे-बटाटे, फळं, पावाचा डबा. मी पुस्तकं ठेवलेलीही बघितली आहेत. हवा खेळती राहते, त्यामुळे पावसाळ्यात त्यांना वास लागत नाही.

चोरकप्पा शोधायचा तर मोजपट्टी घ्या

जुन्या पेट्यांत चोरकप्पे असतात हे सगळ्यांना माहीत असतं. ते शोधायचे कसे हे फार थोड्यांना. पेटीची उंची बाहेरून मोजा, मग आतून मोजा. फळीची जाडी वजा करूनही चार-पाच बोटं कमी भरली तर तळाखाली काहीतरी आहे. खणांचंही तसंच. शेजारचे दोन खण बाहेर काढून जमिनीवर ठेवा. एक आखूड निघाला तर त्याच्यामागची जागा कुणीतरी मुद्दाम राखली आहे.

गोव्यात याच्या उलटी करामत करत. सोळाव्या-सतराव्या शतकांत तिथे पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी ‘कोंतादोर’ नावाची खणांची कपाटं घडली. शिसवी, साग, त्यावर काळ्या-पांढऱ्या जडावाची भूमिती, आणि पाय म्हणून चक्क कोरलेल्या नागिणी! समोर ओळीनं छोटे छोटे खण दिसतात. एक ओढावा तर दोन-तीन ‘खण’ एकदम बाहेर येतात, कारण मागे एकच मोठा खण असतो. युरोपातल्या राजेरजवाड्यांनी मिरवलेलं हे काम आपल्या शेजारच्या सुतारांच्या हातचं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते जपून ठेवलंय.

अळूवडी कापावी तशी

‘बॉम्बे बॉक्स’ हे नाव ऐकलंय? एकोणिसाव्या शतकात मुंबई-सुरतेच्या कारागिरांनी केलेल्या चंदनाच्या छोट्या पेट्या. त्यांच्यावर तीळ-तीळ एवढ्या चांदण्यांची नक्षी असते, हजारोंनी, आणि सगळ्या एकसारख्या. एकेक कण चिकटवत बसलं तर आयुष्य जाईल.

ते तसं करतच नसत. हस्तिदंत, शिंग, कथील, रंगीत लाकूड यांच्या बारीक लांब काड्या जुळवून एक जाड दांडा बांधायचा, चांदणीचा आकार दांड्याच्या छेदात येईल असा. मग अळूवडीचा उंडा कापतो तशा त्याच्या पातळ चकत्या पाडायच्या. प्रत्येक चकतीत तीच चांदणी! या कामाला ‘सादेली’ म्हणतात. इराणातल्या शिराझहून ते सिंधमार्गे इकडे आलं असं सांगतात.

आणि ‘झांझिबार चेस्ट’ म्हणून आज जगभर मिरवणाऱ्या, पितळी खिळ्यांच्या ठिपक्यांनी मढवलेल्या त्या पेट्या? त्यांतल्या कितीतरी सुरत-मुंबईकडे घडल्या आणि गलबतांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेल्या. नाव तिकडचं, सुतार इकडचा.

याच रांगेत सौराष्ट्राचा पटारा बसवावा लागेल. मुलीच्या आंदणाची अवाढव्य पेटी, पुढून पितळी पत्र्यांनी मढवलेली, खाली चाकं. अंगानं इतकी जड की चाकांशिवाय हलणारच नाही. आज दिवाणखान्यात ती पलंगपोस, रजया, गाद्या असं सगळं गिळून टाकते आणि वर चार माणसं बसतात. घर लहान असेल तर माझा कौल डोळे मिटून पटाऱ्याला.

एका किड्याची कृपा

जुन्या कपाटाची ती ऊबदार चमक कशाची? लाखेची. झाडांच्या डहाळ्यांवर राहणारा एक इवलासा कीटक जो राळेसारखा स्राव सोडतो, तो स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं हात फिरवत राहायचं. हेच फ्रेंच पॉलिश. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच. म्हणजे ज्या कपाटावर फोनो ठेवला होता ते कपाट आणि वर वाजणारी बालगंधर्वांची तबकडी, दोघांवरही त्या एकाच किड्याचे उपकार. आणि पांडवांना जाळायला बांधलेलं लाक्षागृह आठवा: लाख झटकन पेट घेते, म्हणून निरांजन जुन्या कपाटापासून जरा दूर.

चाचणी: दुकानदाराला विचारून, दिसणार नाही अशा जागी कापसानं स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झालं तर लाख. काहीच झालं नाही तर मेलामाइनसारखं नवं पॉलिश. लाखेचं पॉलिश खरवडून काढायची घाई करू नका. हलक्या हातानं पुसून त्यावरच नवा हात देता येतो, आणि शंभर वर्षांचा रंग टिकतो.

कपाटावर ऑइलपेंट असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या रंगांत शिसं असायचं. तो कोरडा घासू नका, धूळ नाकातोंडात जाते. लहान मुलांच्या घरात तर नाहीच.

भुंगा, पाऊस आणि पैठणी

फळीवर टाचणीएवढी भोकं दिसली म्हणून लगेच पळून जाऊ नका. प्रश्न एवढाच: किडा अजून आत आहे का? कपाटाखाली काळा कागद पसरून आठ दिवस थांबा. कागदावर ताजं पिवळसर पीठ पडलं तर तो आत बसून जेवतो आहे. काहीच पडलं नाही तर भोकं बहुधा जुनी, किडा केव्हाच उडून गेला असावा.

पावसाळ्यात खण अडकतो, त्याला सुतार बोलवून रंधा मारून घेऊ नका! लाकूड पाणी पिऊन फुगलंय. दिवाळीपर्यंत ते आपोआप आत बसेल आणि रंधा मारलेला खण मग खुळखुळत राहील. तोवर सरकणाऱ्या कडेवर मेणबत्ती घासा. जुने सुतार हे ओळखून होते. म्हणून दाराच्या मधली फळी ते चौकटीत चिकटवत नसत, खाचेत मोकळी सोडत. तिनं पावसाळ्यात फुगावं, उन्हाळ्यात आकसावं, दाराला तडा जाऊ नये. दाराची मधली फळी बोटानं किंचित हलली तर ते चांगलं काम समजा.

पैठणी मात्र उघड्या लाकडावर ठेवू नये. लाकडातून अगदी हळूहळू आंबट वाफा सुटत असतात, त्यांनी कापड पिवळं पडतं. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, घडी अधूनमधून बदला, कोपऱ्यात वेखंडाचा तुकडा ठेवा.

परदेशी मुलाला आजोबांची पेटी द्यायचीय?

आधी कायदा बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर तसं प्रमाणपत्र पुरातत्त्व खात्याकडून मिळतं. शिसवीची आणखी एक गाठ आहे. संकटात सापडलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या यादीत २ जानेवारी २०१७ पासून शिसवीची अख्खी भावकी आली. आणि पेटीवर हस्तिदंताचा जडाव असेल तर देशातही तिची खरेदी-विक्री करायची नाही. घासाघीस करण्यापूर्वी तो पांढरा तुकडा हाडाचा आहे की हस्तिदंताचा, हे जाणत्या माणसाकडून बघून घ्या.

असलं काम मन भरून नुसतं बघायचं असेल तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहेच. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासीं’नी, वीस हजारांहून अधिक वस्तू गोळा केल्या आणि संग्रहाला आपल्या गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. तिथे दारं, पेट्या, दिवे, अडकित्ते बघत अर्धा दिवस कुठे जातो कळत नाही.

मोजपट्टी आधी जिन्याला

कपाट आवडलं, पटलं, भाव ठरला. थांबा. जिन्याचं वळण मोजलंत? लिफ्टचं दार?

जुन्या मोठ्या कपाटांचा एक गुण अशा वेळी कामी येतो: ती सुटी होतात. वरची महिरप उचलून निघते, पाचरी ठोकून काढल्या की बाजू वेगळ्या होतात. इंग्रज फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या खणांच्या पेट्या तर दोन तुकड्यांच्याच असत, खेचराच्या किंवा उंटाच्या पाठीवर एकेका बाजूला एकेक तुकडा. कोपऱ्यांना पितळ, आणि कड्या लाकडात खोल बसवलेल्या, म्हणजे एकावर एक रचताना अडकायला नको. आजच्या घरात अशी पेटी खिडकीखाली सुंदर बसते. खिळे ठोकून ‘मजबूत’ केलेलं कपाट मात्र सुटं होत नाही. पाठीला नवे खिळे दिसले की आधी जिना आठवायचा.

१९२३ साली गोदरेजनं पोलादी कपाट बाजारात आणलं. पुढे घरोघरी त्या कपाटाचंच नाव ‘गोदरेज’ झालं, आणि लाकडी कपाटं माजघरातून माळ्यावर, माळ्यावरून भंगारवाल्याकडे गेली. आमच्या आजीचं दुभत्याचं कपाटही असंच पडवीत जाऊन पडलं होतं, वर जुन्या गोण्या रचलेल्या. ते मी गेल्या वर्षी घरी आणलं. एक पाय नवा केला, जाळी बदलली. दार उघडलं तर आतल्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार उभ्या. दुधाच्या रतिबाचा हिशेब, महिन्यामागून महिने, आजीच्या हातचा.

पॉलिशवाला आला तेव्हा मी त्याला सगळं कपाट दाखवलं, आणि दार उघडून सांगितलं, “दादा, हे आतून घासायचं नाही.”